वास : नसावा

ब्रॅडफर्ड, कॅनाल रोड, गेट नंबर तीन.
सकाळी सव्वासहाला शौकतभाई फोर्कलिफ्टवरून
निळी पिंपं उतरवतो आणि ओरडतो,
"तुमच्या गावचं आलंय काहीतरी!"
मद्रासचं एरंडेल आलं तरी तो हेच म्हणतो.
आज मात्र चुकून बरोबर बोलला.

लेबल : गार्सिनिया इंडिका सीड बटर.
पंचवीस किलो. लॉट ०४१७.
न्हावाशेवा ते फेलिक्स्टो, तिथून ट्रकने
झिमझिमीत, मेंढ्यांच्या टेकड्या ओलांडून.
सोबत कागदांची जाड थप्पी, तीत सगळ्यांच्या सह्या,
बिया कुणी फोडल्या तिची सोडून.

माझं काम : कागद आणि नाक.
वितळणबिंदू, आम्लता, रंग
(फिकट पिवळसर चालतो),
आणि शेवटच्या रकान्यात,
वास : नसावा.

झाकण फिरवलं
आणि ओल्या लाकडाचा धूर आला.
अगदी पुसट. दुसऱ्या कुणी सोडून दिला असता.

द्वारका मेस्तरीण आमच्या मागच्या दाराशी बसायची.
दगडावर बी, बीवर लाकडी ठोकणं,
टरफल डावीकडे, गर उजवीकडे.
कुटायचं, पाण्यात कढवायचं, तरंग पळीने काढायचा
आणि निवता निवता मुठीत दाबायचा.
म्हणून मुठेल.
प्रत्येक गोळ्यावर चार बोटांचे चार खळगे,
कुणाच्या हातचं ते बाजारात न विचारता कळायचं.
तिच्या स्वतःच्या टाचांना भेगा होत्या का?
होत्या म्हटलं तर कविता सोपी होईल.
खरं म्हणजे मी कधी पाहिलं नाही.

ग्लेनिस माझ्या शेजारच्या टेबलावर लॅनोलिन तपासते.
ती सांगते, इथल्या गटारांतूनसुद्धा लोकरीची चरबी वाहायची,
सांडपाण्यातून ती काढून विकायचे.
तिचे आजोबा लोकर धुवायच्या गिरणीत होते.
गेले तेव्हा हात बाळासारखे मऊ,
छातीत मात्र लोकर.
हे सांगताना ती बिस्कीट चहात बुडवत असते.

चकाकी येते त्या अभ्रकाचा फॉर्म तिसऱ्या फाइलमध्ये.
"खाणीत मुले नाहीत"
यापुढची बरोबरची खूण
आधीच छापलेली असते.
मी फक्त तारीख घालते.

तर लॉट ०४१७.
ग्राझिनाला बोलावलं, तिनं हुंगलं, म्हणाली,
"छान आहे की. आमच्या मावशीच्या स्वयंपाकघरासारखं."
आता दोन साक्षीदार झाले, म्हणजे वास सिद्ध झाला.
मी लिहिलं : आहे. नामंजूर.
माझंच अक्षर. इतकं सुवाच्य
शाळेतसुद्धा कधी आलं नव्हतं.

आता हे हलला जाईल. तिथं निर्वात टाकीत
वाफ सोडून त्याला सगळं विसरायला लावतात.
पंधरा दिवसांनी परत येईल, पांढरंशुभ्र, गुणी.
मग वरच्या मजल्यावरचा ऑलिव्हर
त्यात बाटलीतला धूर घालेल, शून्य पूर्णांक दोन टक्के.
हिवाळ्यासाठी नवं क्रीम काढलंय, नाव ठेवलंय 'हार्थ'.
हार्थ म्हणजे चूल.
अठ्ठावीस पौंड, पन्नास मिली.

नियमाप्रमाणे नमुना तीन वर्षं जपायचा असतो.
तापपट्टीवरून उचलला, अजून मऊ होता,
कुणी बघत नाहीसं पाहून
मूठ मिटली.
निळ्या हातमोज्यातून रेषा उमटत नाहीत,
खळगे मात्र पडले. चार.

डबीवर चिठ्ठी लावली, कपाटाला कुलूप.
बाहेर शौकतभाई विचारतो,
"काय झालं तुमच्या गावचं? पास?"
मी म्हटलं, वास येत होता.
तो म्हणाला, "येणारच.
इतक्या लांबून आलंय."